जर्मनीतली रोजची मिस्सा आणि ६ फेब्रुवारीचे ‘सोबती’

जर्मनीत आले तेव्हा पहिले काही महिने मी मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, नुसती जाऊन बसायचे. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते सगळं पाठच होतं, पण फादर बोलायला लागले की एक शब्द धड कळायचा नाही, मग प्रवचन संपेपर्यंत खिडकीच्या रंगीत काचा बघत बसायचं आणि घरी येताना फार चुटपूट लागायची की आज देवाचा शब्द कानावर पडला पण आत काही पोचलाच नाही.

मग मी साधी गोष्ट सुरू केली. ऑफिसमधून सुटले की ट्राममध्ये त्या दिवसाची वाचनं मोबाईलवर मराठी बायबलमधून वाचून काढायची आणि मग साडेसहाच्या मिस्सेला जायचं. आठवड्यातल्या मिस्सेला आम्ही दहा-बारा जण असतो, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. पेरणाऱ्याचा दाखला आधी मराठीत वाचलेला असला ना, की बी, वाट, खडकाळ जमीन, काटे हे सगळे जर्मन शब्द एकेक करून ओळख द्यायला लागतात. मी भाषेच्या क्लासमध्ये जेवढं शिकले त्यापेक्षा जास्त त्या बाकावर शिकले हे मी अगदी मनापासून सांगते.

आणि हे जमतं कारण वाचनं सगळीकडे तीच असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, म्हणजे अ वर्षी मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत), ब वर्षी मार्कचं, क वर्षी लूकचं. सामान्यकाळातल्या, म्हणजे नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या, वारांना शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं, आधी मार्क मग मत्तय मग लूक, फक्त पहिलं वाचन विषम आणि सम वर्षाप्रमाणे बदलतं. आईने तिकडे सकाळी जे ऐकलं तेच मी इथे संध्याकाळी ऐकते. फोनवर ती आधी जेवलीस का विचारते आणि लगेच दुसरा प्रश्न, आजचं शुभवर्तमान ऐकलंस ना?

संतांच्या बाबतीत मात्र थोडं इकडे तिकडे होतं. संत एलिझाबेथ, ज्यांचा मृत्यू १२३१ साली इथे मारबुर्गमध्ये झाला, त्यांचा दिवस जगभर १७ नोव्हेंबरला असतो पण जर्मनीत १९ ला. ३ जुलैला संत थॉमस, भारतात तो सोहळा म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा दिवस असतो, इथे नुसता सण, एक पायरी खाली. पहिल्या वर्षी त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. २०२५ ची ६ फेब्रुवारी, गुरुवार. फादर लाल वस्त्रं घालून आले म्हणजे रक्तसाक्षींचा, श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांचा दिवस. त्यांनी सांगितलं, आज ‘पाउल मिकी उंड गेफेर्टेन’, म्हणजे पाउल मिकी आणि सोबती. बस्स. सोबत्यांची नावं कोण सांगत बसणार, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर मारले गेलेले एकूण २६ जण. पण त्या सोबत्यांमध्ये आपले संत गोन्सालो गार्सिया आहेत, वसईत जन्मलेले! आपल्याकडे या दिवसांत त्यांचंच नाव आधी घेतात आणि इथे ते एका शब्दात मावून गेले होते.

त्या दिवशीचं शुभवर्तमान होतं मार्क सहावा अध्याय, येशू बाराजणांना दोन-दोन करून पाठवतो आणि सांगतो की वाटेसाठी काठीशिवाय काही घेऊ नका, भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत. आणि मला डोळ्यासमोर ते सव्वीस जण दिसायला लागले, ज्यांच्यातल्या बहुतेकांना ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं होतं. गोन्सालो आधी व्यापारी होते, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि जपानी इतकं छान बोलायचे की जपानचा राज्यकर्ता हिदेयोशी याच्यासमोर संत पेद्रो बाप्तिस्तांचे, त्या सव्वीसांतल्याच फ्रान्सिस्कन फादरांचे, दुभाषे तेच होते. दुभाषे! परक्या भाषेत देवासाठी बोलणारा आपला माणूस. मी तिथे ‘डांक झाय गॉट’ (देवाचे आभार) म्हणायचं सोडून रडत होते.

मिस्सा झाल्यावर मरियामातेसमोर मेणबत्ती लावली. माझ्या पुढच्या बाकावर रोज बसणाऱ्या आजी जवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं नाही, आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली की ते जे गेफेर्टेन आहेत ना, त्यातला एक आमचा आहे. क्रूसाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आठवलं, दुभाषा आठवेना, तर हाताने एकदा इकडे एकदा तिकडे दाखवलं आणि त्यांना बरोबर कळलं.

त्यांच्या हातात ‘शॉट’ असतं, बेनेडिक्टाइन संन्यासी आन्सेल्म शॉट यांनी १८८४ मध्ये पहिल्यांदा काढलेलं लोकांसाठीचं मिस्सा-पुस्तक, इकडच्या जुन्या लोकांकडे अजून असतं. त्यांचं तर कडेला पार मऊ झालंय, आत मयताच्या आठवणीची छोटी चित्रं ठेवलेली, बहुतेक नवऱ्याचं आणि बहिणीचं. त्यांनी ६ फेब्रुवारीचं पान काढलं, पर्समधली पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, नाव सांग. मी एकेक अक्षर सांगत गेले, त्या लिहीत गेल्या, चष्मा वर करून पुन्हा बघितलं, मग मोठ्याने वाचलं, ‘गोन्सालो’. गावाचं नावही लिहायला लावलं. वसईचा ‘व’ त्यांनी जर्मन पद्धतीने लिहिला, मी तो तसाच राहू दिला.

घरी येऊन आईला फोन केला तर तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते, तरी तिने उचलला.