एप्रनमधली पांढरी रेघ

एक्स-रेपासून बचावासाठी डॉक्टर-नर्स अंगावर घालतात तो लीड (शिशाचा) एप्रन बाहेरून सहसा फाटलेला दिसत नाही. कापड धडधाकट, वेल्क्रो पक्का, आणि आतल्या शिसं मिसळलेल्या रबराला मात्र घडीवर भेग गेलेली. मी एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. आरएसओ (रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर) म्हणून किरणोत्सर्ग सुरक्षेची जबाबदारीही माझ्याकडेच. एप्रन तपासणी हे यातलं सगळ्यात रटाळ काम समजलं जातं. काही जण न तपासताच रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहून मोकळे होतात, याचा मला मनस्वी राग येतो.

नीट तपासायचं तर आधी एप्रन टेबलावर पसरून तळहाताने चाचपायचा. कुठे रबर गोळा झालंय, कुठे पातळ पडलंय, ते हाताला कळतं. मग संशयाच्या जागा फ्लोरोस्कोपीखाली, म्हणजे पडद्यावर सलग दिसणाऱ्या एक्स-रेखाली, घ्यायच्या. इथे एक मेख आहे. मशीन ऑटोवर ठेवलं, तर समोर शिसं आल्याबरोबर ते किरणांचा जोर वाढवत नेतं, चित्र उजळतं आणि बारीक भेग त्यात हरवते. शिवाय तपासणाऱ्याला फुकटचा डोस. म्हणून सेटिंग मॅन्युअल आणि कॉलिमेशन लहान, म्हणजे किरणांचा झोत अरुंद. नवा टेक्निशियन आला की पहिल्या वेळी मी स्वतः शेजारी उभी राहते.

परवा कॅथलॅबचा, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीतला, एक एप्रन असाच निघाला. काळ्याभोर चित्रात, बरोबर ओटीपोटावर, आडवी पांढरी रेघ. आम्ही पाळतो तो निकष असा: नाजूक अवयवांवर १५ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठं छिद्र असेल तर एप्रन बाद, पाठीवर किंवा शिवणीपाशी ६७० पर्यंत चालतं, गळ्याभोवतीच्या थायरॉइड कॉलरला मात्र फक्त ११. पाव मिलिमीटर रुंदीची भेग ६० मिलिमीटर लांब झाली की १५ पुरे होतात. ही तर वीतभर होती.

तो एप्रन बहुतेक वेळा एकच सिस्टर घालायची. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला) एप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो आणि भेग होती त्याच्या बरीच खाली. बॅजचे रिपोर्ट स्वच्छ येत होते, पुढेही तसेच आले असते. “मॅडम, कधीपासून असेल हो हे?” तिने विचारलं. मागच्या तपासणीच्या चित्रात तिथे काही नव्हतं. त्यानंतर केव्हा गेली, हे कुठल्याच नोंदीतून कळत नाही, आणि तिला तेच सांगावं लागलं. कारण मात्र डोळ्यांसमोर होतं. केस संपली की एप्रन घडी घालून खुर्चीवर फेकले जातात. भिंतीवरच्या रुंद हँगरवर लोकांच्या पिशव्या. अँजिओप्लास्टीत पाच-सहा किलोचं ओझं तासन्‌तास वागवून पाठ मोडते, हे मी जाणते. तरी हँगर चार पावलांवर असतो.

त्याच दुपारी पीएचडी करणारी एक मुलगी आमच्या मशीनवर नमुने तपासायला आली. स्वतःहून सांधणारं मऊ रबर, त्यात बिस्मथ ऑक्साइडची पूड. बिस्मथ म्हणजे आवर्तसारणीत शिशाचा शेजारी, अणुक्रमांक ८३. एक्स-रे अडवण्यात जवळपास तोलाचा आणि शिशासारखा विषारी नाही. साध्या रबरातल्या रेणूंच्या साखळ्यांचे गंधकाचे टाके एकदा तुटले की तुटले. इथे त्यांच्या जागी हायड्रोजन बंध असतात, ते तुटतात आणि पुन्हा जुळतात. पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने २००८ मध्ये असं रबर दाखवलं होतं: कापा, कडा जुळवून धरा, साध्या तापमानाला सांधतं.

पहिली पट्टी तिने कापून लगेच घट्ट जुळवून ठेवलेली होती. आमच्या टेक्निशियनने जोर लावून ओढली, सुटली नाही. फ्लोरोत रेघ नाही! मला खरंच भरून आलं.

दुसऱ्या पट्टीच्या कडा थोड्या लांब ठेवल्या होत्या. फट आपोआप भरून आली होती आणि वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. पडद्यावर मात्र फिकट रेघ. वरणातलं पाणी पुढे सरकावं आणि डाळ मागे राहावी, तसं रबर फटीत उतरलं होतं आणि पूड जागच्या जागी. मजबुती परत आली, आडोसा आला नाही. साध्या एप्रनची भेग निदान चाचपून तरी सापडते. ही हातालाही चकवते.

तिला हे ठाऊक होतं. पूड वाढवली तर साखळ्यांना हलायला जागा राहत नाही आणि सांधणं मंदावतं. कमी केली तर रबराचा पत्रा जाड करावा लागतो. मी तिला हँगर दाखवला. ज्या ढिलेपणामुळे रबर सांधतं, त्याच ढिलेपणाने ते महिनोन्‌महिने टांगून खाली ओघळेल, खांद्यावर पातळ आणि घेराला जाड होईल. आता तिची एक पट्टी वजन बांधून आमच्याकडे टांगली आहे, शिशाच्या मण्यांच्या खुणा लावून. खुणांमधलं अंतर दर महिन्याला चित्रात मोजायचं.

सिस्टरचा एप्रन लाल खूण करून बाजूला काढला. शिसं कचऱ्यात जाऊ शकत नाही, तो अधिकृत रिसायकलरकडे जाईल. बदलीच्या एप्रनचा इंडेंट त्याच दिवशी टाकला.

डोक्यात घोळतोय तो निकष. १५ चौरस मिलिमीटर हा हिशेब आरपार भोकाचा आहे. त्या फिकट रेघेत भोक नव्हतंच, नुसती पूड विरळ होती. तिथे क्षेत्रफळ मोजून भागणार नाही. आयन चेंबर (किरण मोजायचं उपकरण) लावून किरण किती पार होतात ते बघावं लागेल, आणि तेही रेघेइतक्या अरुंद जागेवर. आमच्याकडचा चेंबर त्यासाठी फार मोठा आहे. लहान कुठे मिळतो, ते विचारायला सुरुवात केली आहे.