एवढी गरीब घोडी विकलीत कशी?

"सर, एवढी गरीब घोडी विकलीत कशी?" लग्नात, एसटीत, परवा तर मयतीहून परतताना. आणि मागून हळूच, "ते पण वरातवाल्याला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकतो.

माझा गुडघा गेलाय. रिकिबीत पाय घालून वर चढणं होत नाही. मुलगा पुण्यात, त्याला घोड्याच्या वासानं शिंका येतात. कडब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. आणि नुसतं बांधून, कोरडा कडबा टाकून ठेवलेल्या घोड्याला पोटशूळ कधी धरेल सांगता येत नाही. फुकट फेरी मारायला सगळे यायचे. "मी सांभाळतो" असं एकानंही म्हटलं नाही.

ती नुसती गरीब नव्हती. तिला रवाल होती. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीनं पडतात आणि बसणारा आदळत राहतो. रवालीत एकाच अंगाचे पाय पाठोपाठ पडतात, पाठ जागची हलत नाही. हातातल्या तांब्यातलं पाणी सांडत नाही म्हणतात, ते तिच्या बाबतीत खरं होतं. मारवाडी घोड्यांच्या रक्तात ही चाल असते, पण बसणाऱ्यानं लगाम ओढओढ केली की बिघडते. बालाघाटाच्या उतारावर, मन्याडच्या पाण्यातून, ट्रॅक्टरच्या शेजारून नेऊन नेऊन मी ती टिकवली होती.

नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत नेली. खंडोबाची देवस्वारी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, त्या गर्दीत बाजार जोरात होता. पहिलं गिऱ्हाईक परभणीकडचं, शौकीन. त्यानं दात बघितले, भोवरे बघितले, ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागितला. मागावाच, तो रोग माणसालाही होतो आणि घोडं त्यात निघालं की मारावंच लागतं. मग बसून फेरी मारून आला, उतरला आणि काही न बोलता तिची मान थोपटत राहिला. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात वरातवाला आला. बसला नाही, दात बघितले नाहीत, कागद मागितला नाही. पोराला म्हणाला, "लाव रे." पोरानं तिच्या मागच्या पायांशी लवंगीची माळ पेटवली. मी ओरडेपर्यंत अर्धी फुटून गेली होती. शेजारचं शिंगरू दावं तोडून पळालं. हिचे कान टवकारले, अंगावरची कातडी थरथरली, पण पाय हलला नाही. ती माझ्याकडे बघत होती. काहीही वाजलं तरी दोर धरणाऱ्याकडे बघायचं, हे मीच शिकवलेलं. गर्दी म्हणाली, "वा!" दलालानं माझा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबली. शौकिनाच्या बोलीपेक्षा पंचवीस हजार जास्त. शौकीन म्हणाला, "सर, माझ्याच्यानं नाही होणार," आणि निघून गेला.

मी दिली.

"वरातवाल्याला? मेलो तरी नाही," हे स्टाफरूममध्ये मीच म्हणायचो. स्टाफरूममधल्या त्या मला मी आता विचारतो, मग आवाजाला न बुजायला शिकवलंस कशाला? तो म्हणतो, रस्त्यासाठी. डीजेच्या भिंतीपुढं उभं करायला नाही. बरोबर आहे त्याचं. पण कमावत्या जनावराला चंदी वेळेवर मिळते, चातुर्मासात विसावा असतो, आणि शौकिनाचा शौक किती टिकतो तेही मी पाहिलंय. हे तितकंच खरं आहे. पंचवीस हजारांचा मोह नव्हता असं मात्र म्हणणार नाही. होता.

रवाल डांबरावर जाईल, नाचाचे पाय शिकवले की उरलीसुरली जाईल, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

मध्यंतरी वरातवाल्याचा फोन आला. नाल लवकर झिजतात, म्हणाला. महिना-सव्वा महिन्यानं बदला म्हटलं. मग म्हणाला, "सर, वरात मागं राहते अन् ही पुढं निघते. मोकळं दिसलं की चाल धरते. ते बंद कसं करायचं?"

कसं करायचं ते मला येतं. सांगितलंही असतं, पण नाल सांगताना जीभ अडखळली नव्हती, इथं अडखळली. नंतर फोन करतो म्हणालो. त्याचे दोन मिस्ड कॉल येऊन पडलेत.