कोपनहेगन ते अटलांटा: आघाडी बदलली की नकाशा कसा हलतो

कोपनहेगनच्या कास्ट्रुप विमानतळावर सी पियरकडे, म्हणजे अमेरिकेची विमानं लागतात त्या भागाकडे, जाताना उड्डाणांचा फलक नीट वाचावा. स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सची, म्हणजे एसएएसची, अमेरिकेतली बरीच ठिकाणं दोन गटांत पडतात. न्यूअर्क, शिकागो, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को ही जुनी. चारही युनायटेड एअरलाइन्सची हब, म्हणजे प्रवासी विमान बदलून पुढे जातात असे मुख्य तळ. जेएफके (न्यूयॉर्क), अटलांटा, सिॲटल ही अलीकडची. तिन्ही डेल्टा एअरलाइन्सची हब. या दोन गटांच्या मधली रेघ म्हणजे ३१ ऑगस्ट २०२४. त्या दिवशी एसएएस स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीतून, जिच्यात युनायटेड आहे, बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी डेल्टा असलेल्या स्कायटीम आघाडीत दाखल झाली. १९९७ साली स्टार स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी ती एक होती, त्यामुळे हा काडीमोड साधा नव्हता.

कारण पैशांचं होतं. जुलै २०२२ मध्ये एसएएसने अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याखाली, चॅप्टर ११ मध्ये, संरक्षण मागितलं. नव्या मालकांत एअर फ्रान्स-केएलएम १९.९ टक्क्यांनी आली, डॅनिश सरकार राहिलं, स्वीडिश सरकार बाहेर पडलं. एअर फ्रान्स-केएलएम स्कायटीमची, मग एसएएसही तिकडेच जाणार हे ओघाने आलं. लांब पल्ल्याचा भार स्टॉकहोमहून कोपनहेगनकडे अधिकाधिक सरकला, त्यालाही मालकीतला हा बदल पोषकच ठरला.

माझा मार्ग गॉथेनबर्ग–कोपनहेगन–अटलांटा–नॅशव्हिल असा होता. मुद्दाम निवडलेला, कारण नव्या भागीदारीचे सगळे सांधे त्यात येतात: पहिले दोन टप्पे एसएएसचे, शेवटचा डेल्टाचा.

कोपनहेगन–अटलांटा सुरू झालं जून २०२४ मध्ये, कोपनहेगन–जेएफके त्याच वर्षी फेब्रुवारीत. म्हणजे स्टारमध्ये असतानाच! यात घाई नव्हती, ही धंद्याची रीतच आहे. तिकिटं साधारण अकरा महिने आधी विक्रीला येतात. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी मोसमासाठी वाटले जातात. जेएफके अशा विमानतळांपैकीच. आघाडी सुटल्यावर नवा मार्ग आखायला बसलात तर निदान एक मोसम हातचा जातो. म्हणून आधी नवी पायवाट पाडायची, मग जुनी सोडायची.

पण जुनी सोडली तरी कुठवर? इथे साधा हिशेब उपयोगी पडतो. एसएएसच्या ए३५० विमानात ३०० जागा आहेत. समजा त्यातल्या शंभर जागा पलीकडच्या हबवरून पुढे जाणाऱ्या प्रवाशांनी भरतात. भागीदार गेला की या शंभर जागा धोक्यात येतात. उरलेल्या दोनशे त्याच शहरात उतरणाऱ्यांच्या असतात आणि त्यांना आघाडीशी देणंघेणं नसतं. न्यूयॉर्क परिसराला स्वतःचीच मागणी मोठी, म्हणून न्यूअर्क टिकतं. जिथे स्वतःची मागणी बेताची तिथे कंपनी आधी विमान लहान करते: एसएएसकडे १५७ जागांचं ए३२१एलआर आहे, एका मार्गिकेचं, तरीही अटलांटिक ओलांडणारं. मग फेऱ्या कमी होतात, मग मार्ग फक्त उन्हाळ्यापुरता उरतो. थेट बंद करणं सर्वांत शेवटी. अटलांटाचं गणित याच्या उलट आहे. स्कॅन्डिनेव्हियातून खास अटलांटाला जाणारे थोडे. ते विमान चालतं ते डेल्टा पुढे नॅशव्हिल, ऑर्लॅंडो, न्यू ऑर्लीन्सला माणसं नेते म्हणून. उद्या डेल्टाशी बिनसलं तर पहिला बळी अटलांटाचा जाईल, न्यूअर्कचा नाही.

सिॲटलचा मार्ग एसएएसने २००९ मध्ये बंद केला होता; तो २०२५ मध्ये परत आला. त्याच वर्षी सप्टेंबरात सोल सुरू झालं, कारण तिथे स्कायटीमची कोरियन एअर बसलेली आहे. रशियाचं आकाश बंद असल्यामुळे पूर्वेकडची उड्डाणं वळसा घालून जातात, विमान आणि कर्मचारी जास्त वेळ अडकतात. अशा वेळी पलीकडे पुढची जोडणी देणारा कोणी नसेल तर तो मार्ग परवडतच नाही.

गमावलेली बाजूही आहे. फ्रँकफर्ट, म्युनिक, झ्युरिक, व्हिएन्ना इथल्या लुफ्तान्सा समूहाच्या जाळ्यावर एसएएसचे प्रवासी पूर्वी सहज जायचे. आता ती वाट ॲमस्टरडॅम आणि पॅरिसवरून. थाई एअरवेजशी नातं तर स्टारच्याही आधीचं, १९६० मध्ये थाई इंटरनॅशनल उभी करताना एसएएस भागीदार होती. माझ्या मते लुफ्तान्साचं फारसं बिघडलं नाही, कारण उत्तरेकडच्या शहरांत तिची स्वतःची विमानं जातात. युनायटेडचं बिघडलं, कारण कोपनहेगनच्या पुढे ऑलबोर्ग किंवा बर्गनला नेणारा माणूस गेला.

आता प्रवाशाच्या बाजूने. आघाडी संपली म्हणजे इंटरलाइन करार संपतोच असं नाही. एका तिकिटावर दोन कंपन्या तरीही असू शकतात. त्यामुळे तिकीट काढताना प्रत्येक टप्प्यासमोर ‘कोणाच्या विमानाने’ हे वाचावं. उड्डाण क्रमांकात एसएएसचा कोड एसके आणि विमान डेल्टाचं असेल तर बॅगेचे नियम, जागा निवडणं आणि प्रवासाचे गुण मिळणं या तिन्ही गोष्टी वेगळ्या असू शकतात. दोन्ही कंपन्यांचे आरक्षण क्रमांक वेगवेगळे असतात. डेल्टाचा क्रमांक मागून घेतला नाही तर शेवटच्या टप्प्याची जागा ऑनलाइन निवडता येत नाही. नेहमीच्या प्रवाशांना मिळणाऱ्या जुन्या स्टार गोल्ड कार्डावर आता एसएएसचं लाउंज उघडत नाही. त्यासाठी स्कायटीमचं तसंच कार्ड, एलिट प्लस, लागतं.

गॉथेनबर्गहून कास्ट्रुपच्या स्टेशनवर थेट रेल्वेही येते, आणि ती मोहात पाडते. पण रेल्वेचं तिकीट वेगळं असेल तर गाडी उशिरा आल्यावर अटलांटाचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि नवं तिकीट खिशातून जातं. विमानाचे तिन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर जोडणी चुकल्यास पुढची सोय करणं कंपनीवर येतं. कंपनीच्या चुकीने नॅशव्हिलला चार तासांहून उशीर झाला, तर युरोपीय नियमानुसार ६०० युरोची भरपाईही मागता येते.

कोपनहेगनला शेंगेनबाहेर, म्हणजे आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाताना सी पियरच्या आधी पासपोर्ट तपासणी असते. अमेरिकेची विमानं एका लाटेत सुटतात, म्हणून रांगही एकदमच वाढते. युरोपबाहेरच्या पासपोर्टसाठी ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या खेपेला जास्त वेळ धरावा.

खरी गंमत अटलांटाला. बॅगेवर नॅशव्हिलचा टॅग असला तरी ती इथेच उचलावी लागते: आधी इमिग्रेशन, मग बॅगेचा पट्टा, मग कस्टम्स, आणि बाहेर पडताच तिथल्याच पट्ट्यावर बॅग परत द्यायची. हे न कळल्यामुळे बॅग न घेता पुढे जाणारे पुष्कळ. कोपनहेगनला घेतलेली ड्युटी-फ्री बाटली बॅग परत देण्याआधी तिच्यात टाकावी, कारण पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी आहे आणि १०० मिलिलिटरचा नियम तिथे लागू होतो. मग प्लेन ट्रेन, म्हणजे विमानतळातली भुयारी गाडी, ई आणि एफ कॉनकोर्सहून (विमानं लागतात त्या इमारतींहून) टी, ए, बीकडे. कागदावर दीड तासाची जोडणी दिसली तरी मी दोन तासांच्या खाली उतरणार नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी वेगळा बंदिस्त विभाग नाही, त्यामुळे पुढे लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्यालाही अमेरिकेचा व्हिसा किंवा परवाना लागतोच.

हाच डाव उलट्या बाजूने पाहायचा तर मायामी घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये डेल्टाने दक्षिण अमेरिकेतल्या लाटाम या विमान कंपनीचे २० टक्के समभाग १.९ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं आणि १ मे २०२० रोजी लाटाम वनवर्ल्डमधून, म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सच्या आघाडीतून, गेली. अमेरिकन एअरलाइन्सकडे मायामीचं हब राहिलं, पण दक्षिण अमेरिकेत पुढे नेणारा हात गेला. तिने ब्राझीलमध्ये गोल आणि चिलीत जेटस्मार्ट पकडली. दोन्ही स्वस्त धाटणीच्या, आणि लाटामसारखं सगळ्या देशांत पसरलेलं जाळं दोघींकडेही नाही. म्हणून तिकडे भागीदाराची भरपाई एका कंपनीने झाली नाही, तुकड्यातुकड्यांनी झाली. न्यूयॉर्कला लाटामने जेएफकेचं टर्मिनल ८ सोडून डेल्टाशेजारी टर्मिनल ४ गाठलं. जुन्या सवयीने टर्मिनल ८ ला टॅक्सी सोडणाऱ्यांना तिथून टर्मिनलांना जोडणारी एअरट्रेन पकडून चारला यावं लागतं.