दत्तक गावातील हिवाळी शिबिरे

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांतील नाटके आता पुसटशी आठवतात. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे मात्र मनात अगदी ताजी आहेत. डिसेंबर उजाडला की पुण्यातील महाविद्यालयांचे स्वयंसेवक मुळशी, मावळ, भोर, पुरंदर या तालुक्यांतील दत्तक गावांकडे निघत. आमचे गाव मुळशीत होते आणि सात दिवसांचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत असे.

गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एका विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना. आमच्या वेळी खर्चातील केंद्राचा आणि राज्याचा वाटा सातास पाच असा होता. ती रक्कम बेताचीच असे. शिबिर निभावे ते गावाने ते आपले मानले म्हणून. सरपंच पाण्याची सोय लावून देत, ग्रामसेवक कुदळी, फावडी, घमेली मिळवून देत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तपासणीसाठी एक दिवस राखून ठेवत आणि महिला मंडळाकडून गरम भाकऱ्यांची टोपली येई.

सर्वांत आवडीचे काम वनराई बंधाऱ्याचे. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, त्यांची तोंडे दाभणाने शिवायची आणि सांधे चुकवत ती ओढ्यात एकावर एक रचायची. जागा मात्र गावातील वृद्ध शेतकरी ठरवीत. पात्र कोठे अरुंद आहे, तळाला खडक कोठे लागतो, अडवलेले पाणी कोणाच्या विहिरीला पाझरेल आणि कोणाच्या हरभऱ्याला पुरेल, हे त्यांना पाठ होते. कृषी विभागाचे कर्मचारीही त्यांना विचारूनच उंची आणि सांडवा सांगत. शासनाने चौकट आणि पैसा द्यावा, गावाने जाणतेपण द्यावे आणि तरुणांनी अंगमेहनत करावी, ही वाटणी मला आजही योग्य वाटते. कारण गावाला न विचारता वृक्षारोपणाचे खड्डे खणले जातात, तेथे उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला कोणी नसते.

दुपारी बौद्धिक सत्र आणि रात्री भजनी मंडळ. त्या मंडळींना आमच्याकडून एखादा अभंग ऐकायचाच असे आणि शहरातल्या मुलांना तो येतो याचा त्यांना कोण आनंद व्हायचा!

समारोपाला सारे गाव जमे आणि पुढच्या वर्षीची कामे तेथेच ठरत: सांडपाण्यासाठी शोषखड्डे, शाळेचे कुंपण, वरच्या वाडीची पायवाट. कार्यक्रम अधिकारी सर ती वहीत उतरवून घेत. ग्रामपंचायतीचे पत्र महाविद्यालयात पोचले की आम्ही दिवाळीच्या आधीपासूनच कोथरूड, कर्वेनगर भागातील बांधकामांवर रिकामी पोती मागत फिरू लागत असू.