गुंठ्याला पाचशे

निसर्ग वादळानंतर पेपरच्या डेस्कचा पहिला फोन लागला तेव्हा पलीकडून "सुखरूप आहात ना?" झालं आणि मग लगेच, "आकडे आम्हाला जिल्ह्यावरून मिळतायत. तुम्ही कवी आहात, तुम्ही जरा काळजाला भिडणारं पाठवा."

मी श्रीवर्धन तालुक्याचा वार्ताहर. कविता लिहितो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या, कविसंमेलनाची बातमी मीच पाठवतो आणि सहभागी कवींच्या यादीत माझं नाव शेवटी असतं. जागा कमी पडली की पहिलं तेच उडतं. गावात लोक मला 'कवी' म्हणूनच हाक मारतात, त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे हाक मारणाऱ्यावर अवलंबून.

३ जून २०२० च्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. नंतर वीज नाही, टॉवर बंद. बातमी पाठवायची तर मोटरसायकल काढून, आडव्या झाडांना वळसे घालत, म्हसळ्याच्या पुढे रेंज मिळेपर्यंत जायचं. दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. उन्मळून पडलेल्या वडाला बायका दोरा गुंडाळत होत्या, त्याचा फोटो आणि खाली चार ओळी पाठवल्या. डेस्क खूश. मोठा लागला.

पण मला सांगायचंय ते पंचनाम्याच्या दिवसाबद्दल.

पाऊस लागला होता. तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक आणि मी असे आमच्याच वाडीतल्या एका काकूंच्या आगरात, म्हणजे नारळी-सुपारीच्या बागेत, उतरलो. कृषी सहायक म्हणजे नुकतीच नोकरीला लागलेली, देशावरची मुलगी. तोंडाला मास्क, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फॉर्म. आगर अकरा गुंठ्यांचं. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तीही इथल्या रोठा जातीची, मधे माड, माडांवर मिरवेली, विहिरीजवळ दोन जायफळं. आता माड पोफळींवर, पोफळी जायफळांवर आणि शेजाऱ्यांचा एक माड कुंपणाचा दगडी गडगा मोडून अलीकडे.

"काकू, पोफळी किती होत्या?"

"मोजून कोण लावतो गो?" काकू म्हणाल्या. मग हात करून दाखवायला लागल्या. विहिरीपासून तिसऱ्या पाटापर्यंतच्या सासऱ्यांनी लावलेल्या. पुढच्या दोन ओळी त्यांच्या स्वतःच्या, धाकट्याच्या वेळी दिवस गेले होते त्या वर्षीच्या. गडग्याकडच्या दिराने लावल्या, तो मुंबईला जायच्या आधी. मुलगी बुंधे मोजत होती, मी वही उघडली होती. माझी जुनी सवय आहे, डाव्या पानावर आकडे आणि उजव्या पानावर माणसं बोलतात तसं. त्या दिवशी उजवं पान आधी भरलं.

एका पोफळीपाशी अडलं.

"ही उभी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"उभी दिसतेय. शेंडा बघा, पिळलाय. दिवाळीपर्यंत मान टाकील."

"पडलेलं ते पडलेलं, काकू. उभं झाड पडलं म्हणून कसं लिहू?"

पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो मेला की झाड संपलं, खोड कितीही ताठ असो. मुलगी थोडा वेळ वर बघत राहिली. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. तिने शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'शेंडा पिळलेला, झाड वाचण्याची शक्यता नाही', आणि तशी झाडं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे चार गावं होती.

मग सातबारा निघाला. सामायिक! चौदा नावं. त्यातले चौघे वारलेले, वारस नोंद नाही. बाकीचे गिरगाव, डोंबिवली, एक वापीला. पैसे काकूंच्या खात्यात जमा व्हायचे तर सगळ्यांचं संमतीपत्र हवं, आणि लॉकडाऊनमुळे एसटी बंद. पाटाला पाणी लावणारी, पोफळ पाडायला माणूस शोधणारी, सुपारी वाळवून सोलणारी बाई एकच, पण कागदावर ती चौदांतली एक. कोकणातल्या कुठल्याही गावात जा, हेच.

संध्याकाळी कंदिलाशी बसून हिशोब केला. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली होती. ऐकायला बरं वाटतं. पण हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे. काकूंच्या अकरा गुंठ्यांना साडेपाच हजार, तेही चौदा जणांत. शिफारशीप्रमाणे २.७ मीटरवर लावल्या तर हेक्टरी तेराशेच्या वर पोफळी बसतात, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. आणि नवी लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. पडलेली पोफळ तोडून बाहेर काढायची मजुरीच त्या चाळीस रुपयांहून जास्त होत होती.

तीच बातमी पाठवली. विशेषण एकही नाही.

"हे फार कोरडं झालंय हो," डेस्कवरून आलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी एरवी भांडत नाही, कॉलमावर पैसे मिळणाऱ्याने भांडू नये. त्या दिवशी भांडलो. म्हटलं, काकूंचं 'उभी दिसतेय' हे वाक्य आणि पाचशेचा आकडा ठेवा, बाकी हवं ते कापा. त्यांनी खरंच बाकीचं कापलं. आतल्या पानावर दोन कॉलम लागली.

त्या आठवड्यात आमच्या कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादळाच्या कवितांचा पूर आला होता. प्रत्येकीत सागराचं तांडव. माझं मत विचाराल तर तांडवावर कोकणात निदान वर्षभर बंदी हवी होती. माझ्याकडून एकही ओळ झाली नाही. उजव्या पानावरची वाक्यं मी बऱ्याचदा कवितेत घ्यायला काढली आणि तशीच परत ठेवली. ती काकूंची आहेत, त्यांना माझं काही जोडायची गरज नाही.

पुढे झाडानुसार मदतीचा निर्णय झाला, माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. माझ्या बातमीमुळे नव्हे, किनाऱ्यावरचे सगळेच तो हिशोब ओरडून सांगत होते. काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "पिळलेल्या धरल्यान काय?" मुलीचा शेरा वरच्या कार्यालयात कुणी वाचला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून अर्ज करायचं ठरलं.

"तू लिही," काकू म्हणाल्या. "कवी ना तू?"

लिहिला. मग शेजारच्यांनी मागितला, मग खालच्या आळीने. कुणाचा पिळलेल्या झाडांसाठी, कुणाचा वारस नोंदीसाठी, कुणाचा मुंबईच्या पुतण्याचं संमतीपत्र व्हॉट्सॲपवरून चालेल का म्हणून. त्या पावसाळ्यात बातम्यांपेक्षा अर्जच जास्त लिहिले. एका आजोबांनी माझा मसुदा पूर्ण वाचून परत दिला. म्हणाले, "चांगला आहे, पण 'विनंती' एकदाच आलीय. तीनदा तरी घाल."