आमची वाटचाल: आता उभी नसलेली घरं, जलरंगात

फोंड्यातल्या आमच्या स्टुडिओत सुरुवातीला पणजीतल्या फोंतेन्हाशची रंगीत घरं व्हायची. पर्यटक ती हौसेने नेत. आता बहुतेक काम पाडलेल्या, विकलेल्या, पाण्याखाली गेलेल्या घरांचं असतं, आणि ब्रशला हात लागतो तो फार उशिरा.

आधी घरच्या किमान तिघांना वेगवेगळं बसवून नकाशा काढून घेतो: सोपा, राजांगण (घरातलं मधलं अंगण), तुळस, विहीर, गोठा. एकत्र बसवलं की थोरल्यांचं म्हणणं खरं धरलं जातं आणि धाकट्यांच्या आठवणी बुडतात. जुळलेल्या रेषा ठळक, न जुळलेल्या तुटक. रंगवताना त्या तुटक जागा ओल्यावर ओल्या रंगाने, कडा न धरता सोडतो. अंदाजाने खांब उभा करत नाही. किती फूट ते कुणाला आठवत नाही, पायऱ्या किती ते आठवतं. छपरावर नळे (अर्धगोल देशी कौलं) होते की सपाट मंगळुरी कौलं, हे विचारायलाच हवं. दोन्हींची सावली वेगळी. चुकलं तर घरच्यांनाच घर परकं वाटतं.

धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावाचं काम मे महिन्यातच. साळावली धरणाचं पाणी उतरलं की जोती उघडी पडतात, विस्थापित माणसं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. तिथे टेप लावून जोतं मोजता येतं, आणि शेजारच्या घरातलं माणूसही सांगायला हजर असतं.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा, १०० टक्के सुती. चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा). त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि चिऱ्याचा खडबडीतपणा आपसूक येतो. अलिझरिन क्रिमझन हा लाल रंग नाही, उजेडात उडतो.

खरा त्रास पावसाचा. दमट हवेत कागदाची खळ (रंग लगेच मुरू न देणारा लेप) मरते, रंग टीपकागदावर पडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी आत जातो. म्हणून कागद सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवतो आणि घेण्याआधी कोपऱ्यावर साधं पाणी लावून बघतो; लगेच मुरलं तर तो कागद सरावाला. पहिला थर वाळलेला दिसतो, पण हाताची मागची बाजू टेकवली की गार लागतो. तेवढ्यात दुसरा थर दिला तर खालचा उचलला जातो. मास्किंग फ्लुइड (कोऱ्या ठेवायच्या जागा झाकणारा रबरी द्रव) एका दिवसापेक्षा जास्त ठेवलं की निघताना कागद सोलतं.

चित्र काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची आतली चौकट) हवाच. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून देतो, भिंतीची ओल पाठीला लागत नाही. पश्चिमेची बाहेरची भिंत मात्र टाळा.