पश्चिमेची खिडकी

परवा दुपारी माळ्यावरून लग्नपत्रिकांची पिशवी काढली. ही पिशवी घरोघरी असते. पत्रिकेवर गणपती, त्यामुळे रद्दीत देववत नाही. मग ज्यांची लग्नं झाली त्यांची पोरं दहावीला आली तरी पिशवी आपली फुगतेच आहे. दर फेब्रुवारीत मी तिच्यावर कात्री चालवते. गणपती तेवढा अलगद कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा आणि उरलेला लाल मखमली पुठ्ठा व्हॅलेंटाइनच्या कार्डांना. अब्दुल रहमान स्ट्रीटवर कुणीतरी घासाघीस करून छापून घेतलेला तो कागद सोनेरी किनारीसकट फुकटात मिळतो. विकतचं कार्ड मी देत नाही. आहे एकेकाचं खूळ.

अडचण कागदाची नाही, पुरुषांची आहे. बाईसाठी कार्ड करायचं तर पत्रिकेत सगळं तयार असतं. कोयऱ्या, मोर, मोगऱ्याची वेल, नुसतं कापून चिकटवायचं. पुरुषासाठी काय काढायचं? दुकानातल्या कार्डांवर त्यांच्या वाट्याला शिडाचं जहाज येतं, नाहीतर गोल्फची काठी, टाय, मिशा. आमच्या घराण्यात गोल्फ कुणी खेळलेलं नाही. जहाजाशी संबंध मांडव्याच्या लाँचपुरता, तोही उलटी होईपर्यंत. टाय बाबांकडे एक होता. तो लग्नाच्या फोटोत आहे, नंतर कुठे दिसला नाही.

पहिलं कार्ड मी सातवीत केलं, तेही दादाच्या हुकमावरून. त्याला कॉलेजातल्या एका मुलीला द्यायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. बदाम नको म्हणाला, तिच्या आईने बघितलं तर? मग मी पिंपळपान ठेवून टूथब्रशने शाईचे शिंतोडे उडवले. झालं ते थेट दिवाळीचं शुभेच्छापत्र. पुढे काय झालं ते दादाने कधी सांगितलं नाही. वहिनी त्या कॉलेजच्या नाहीत, एवढं मात्र खरं.

उरलेल्या कार्डशीटवर बाबांसाठी एक केलं. घर गिरगावात आणि बाबांचं ऑफिस बोरिवलीला. सकाळी सगळी मुंबई चर्चगेटकडे यायची तेव्हा ते चर्नी रोडहून उलटे जायचे, त्यामुळे रोज खिडकी मिळायची. लोक बंगल्याबद्दल बोलतात तसे ते त्या खिडकीबद्दल बोलत. म्हणून मी गाडी काढली. नऊ डबे, एका खिडकीत चष्मा लावलेले बाबा आणि त्यांच्या अगदी समोर हसरा सूर्य. आत लिहिलं, 'ती. बाबांस'. त्यापुढे काय लिहितात ते ठाऊक नव्हतं.

बाबांनी चहा घेता घेता कार्ड जवळ धरलं, मग लांब धरलं. म्हणाले, "सूर्य चुकला."

"म्हणजे?"

"सकाळी ऊन पूर्वेकडून येतं. मी पश्चिमेच्या खिडकीत बसतो. तू मला उन्हात बसवलंस." मग कार्डाची घडी उलगडून कोपऱ्याला कोपरा लावून पुन्हा घातली, नखाने दाबली, आणि दाढी करायला उठले.

महिनाअखेरीला त्याच कार्डाच्या मागे दुधाचा हिशेब निघाला. दिवस २८, खाडे दोन. मी दोन दिवस धुसफुसत होते. आई म्हणाली, "अगं, कोरी बाजू फुकट का घालवायची?" नंतर ते बिलांच्या तारेत गेलं. तार नेमकी सूर्यातून आरपार.

इंग्रजीतलं सर्वांत जुनं समजलं जाणारं व्हॅलेंटाइनचं पत्र एका मुलीने एका पुरुषालाच लिहिलेलं आहे, हे बऱ्याच उशिरा वाचलं. १४७७ चा फेब्रुवारी, इंग्लंडमधला नॉरफोक परगणा. मार्जरी ब्र्यूज नावाची मुलगी जॉन पॅस्टनला 'माझ्या परमप्रिय व्हॅलेंटाइन' म्हणते आणि लगेच हुंड्यावर येते. आईने वडिलांच्या मागे लागून पाहिलं, पण ते आणखी द्यायला तयार नाहीत. तुमचं माझ्यावर खरंच प्रेम असेल तर तेवढ्यासाठी मला सोडणार नाही. वाचताना हे पत्र आमच्याच पिशवीतल्या एखाद्या लग्नाच्या बोलणीतलं वाटलं. जॉनने त्याच वर्षी तिच्याशी लग्न केलं. आता ते पत्र लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. टिकलं ते जमिनीचे तंटे, कोर्टकचेऱ्या आणि घरगुती व्यवहारांच्या कागदांत मिसळून. आमच्या बिलांच्या तारेची मला तेव्हाच आठवण झाली.

आमची तार मात्र गिरगाव सोडताना कुठे गेली कोण जाणे.

तर परवा. गेल्या वर्षी नवऱ्याने माझं कार्ड उलटसुलट करून विचारलं होतं, "ही कुणाची पत्रिका?" मागे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' राहून गेलं होतं. यंदा ते आधी कापलं. पुढचा पुठ्ठा कोराच. तेवढ्यात चिरंजीव शाळेतून आले.

"कुणाला करतेस?"

"बाबांना."

"मला?"

आजवर त्याला केलं नव्हतं. मुलगा म्हणजे अजून पुरुष नाही, असं काहीतरी डोक्यात असावं. "तुला काय काढू?"

"एसी लोकल."

पश्चिम रेल्वेवर ती २०१७ च्या नाताळात सुरू झाली. हा त्यानंतरचा, त्याच्या लेखी ती आजोबांच्या वेळीही असणार. काढायला सोपी आहे. दारं बंद, लोंबकळणारी माणसं काढावी लागत नाहीत. बारा डबे आखले, त्याने मोजून घेतले. सूर्य कुठे काढू म्हणून विचारलं तर म्हणाला, "कशाला? एसी आहे ना."

गाडी झाली आहे. खिडकीत त्याला बसवायचंय. काच आधी रंगवावी की चेहरा, तिथे अडलेय.